भाऊ सरहद्दीवर, भाडेकरू चिनी

१२ सप्टेंबर १९६२, बुधवार

आईचे वरचे उरलेले दात आज काढले. चान डॉक्टरांनी खुर्ची वर चढवली तेव्हा म्हणाली, एवढ्या उंच मला लग्नातही कुणी बसवलं नव्हतं. ते कन्नडात म्हणाले, "अम्मा, स्वल्प तोंड उघडा, बोलणं नंतर." भूल असूनही तिने माझा हात घट्ट धरला होता. हिरड्या भरून आल्या की साचा घेणार, मग कवळी. दोन-तीन महिने तरी जातील.

डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. भाड्यातही वळते करू नका म्हणाले. आमचे वडील, अप्पा, असल्यापासून ही माणसं आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोल्यांत आहेत. पुढे दवाखाना, मागे नवराबायकोचा संसार. आई त्यांना चानप्पा म्हणते.

पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी. ईशान्येला कुठल्याशा डोंगराच्या धारेवर चिनी खाली उतरलेत. तम्माचं, लष्करातल्या माझ्या धाकट्या भावाचं, पत्र नाही.

३ ऑक्टोबर

तम्माचं पत्र आलं. पलटण वर हलवली. कुठे ते लिहिलेलं नाही, पण "खेचरंसुद्धा दमतात" असं लिहिलंय. "अक्का, कानटोपी आणि लोकरीचे मोजे पाठव. आम्हाला अजून सुती कपडेच आहेत. आईला सांगू नकोस."

आईला वाचून दाखवताना तेवढी ओळ गाळली. तिने विचारलं, थंडीचं काही लिहिलं नाही का. म्हटलं, हवा छान आहे म्हणतो.

संध्याकाळी लोकर आणली. लष्करी हिरवी मिळाली नाही, तपकिरी घेतली.

१३ ऑक्टो.

पंतप्रधानांनी परदेशी जाताना विमानतळावर सांगितलं की चिन्यांना हुसकून लावायचं लष्कराला सांगितलंय. स्टाफरूममध्ये टाळ्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मला सातवीच्या वर्गासाठी सरहद्दीचा मोठा नकाशा काढायला सांगितला.

हुसकून लावायचं म्हणजे तम्माने लावायचं. हे कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर भेकड ठरले असते, आणि लेफ्टनंटच्या बहिणीला ते शोभत नाही.

कानटोपीचं पार्सल अजून इथेच आहे. परवा नक्की.

२१ ऑक्टोबर, रविवार

काल पहाटे चिन्यांनी मोठा हल्ला केला. दोन्ही टोकांना, लडाखमध्ये आणि तिकडे पूर्वेला. आज सकाळपासून रेडिओ बंद केलेला नाही. ठाण्यांची नावं सांगतात आणि ती "सोडावी लागली" म्हणतात. पडली म्हणत नाहीत.

तिकडे क्यूबावरून आणखी काही शिजतंय म्हणे. आपल्याकडे बघायला कुणाला वेळ असेल?

चान डॉक्टर मागच्या दाराने आले. असे कधी येत नाहीत. चपला बाहेर काढून उभेच राहिले. विचारलं, तम्मा कुठे आहे. म्हटलं, पूर्वेकडे, नक्की माहीत नाही.  तम्मा कॉलेजात असताना त्याची अक्कलदाढ यांनीच काढली होती. नंतर रविवारी दोघं सायकलीने हेब्बाळच्या तळ्यावर मासे धरायला जायचे. एकही मासा कधी घरी आला नाही.

जाताना म्हणाले, "टीचर, माझा जन्म कलकत्त्याचा. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत आहे म्हटलं. त्यांनी हे मला का विचारावं, ते गेल्यावर लक्षात आलं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी. फटाके कुणी उडवले नाहीत. आणीबाणी लागू झाली. तवांग गेलं. शाळेत संरक्षण निधीसाठी सोनं गोळा करतायत. आईने पाटल्या काढून दिल्या. साबण लावून काढाव्या लागल्या, हात सुजला. मी मंगळसूत्राची वाटी दिली. हे गेल्यावर नुसतीच डबीत होती.

दुपारी पाहिलं तर दवाखान्याच्या पाटीवर डांबर फासलेलं. डॉक्टर रॉकेलने पुसत होते. अर्धं निघालं, अर्धं पसरलं.

संध्याकाळी रामय्या अण्णा आले, बरोबर गल्लीतले तिघं. अण्णा पूर्वी ओव्हरसियर होते. अप्पांच्या मयताची सगळी व्यवस्था त्यांनीच केली होती. त्यामुळे त्यांच्यासमोर माझा आवाज चढत नाही. ते शांतपणेच बोलत होते. इथून जवळ पलटणींच्या बराकी, पलीकडे विमानांचा कारखाना. अशा जागी चिनी माणूस ठेवणं बरं नाही. तम्मा तिकडे असताना तर नाहीच. खोल्या रिकाम्या करून घ्या.

मी म्हटलं, विचार करून सांगते. आई आतून आली. तोंडावर पदर धरून म्हणाली, "सरी, ठीक आहे रामय्या. पण माझे दात त्याच्याकडे आहेत."

बरोबरचे हसले. अण्णा हसले नाहीत.

२ नोव्हें., शुक्रवार

पोलीस येऊन गेले. चान नवराबायकोंनी दर सोमवारी पो. स्टेशनात हजेरी द्यायची. परवानगीशिवाय बंगलोर सोडायचं नाही. त्यांचा रेडिओ आणि कॅमेरा नेला. डॉक्टर कोट-टाय घालून उभे होते. इन्स्पेक्टर सभ्य होता, "सॉरी डॉक्टर" म्हणाला. त्याचा एक दात यांनीच बसवलाय.

लिली, त्यांची बायको, आता बाजारात जात नाही. परवा भाजीवालीने टोपली झाकून घेतली म्हणे. तिची भाजी मीच आणते. ती दारातून पिशवी घेते आणि दर वेळी थँक्यू म्हणते. पूर्वी असं म्हणायची नाही. तेव्हा आम्ही भांडायचोसुद्धा, नळाच्या पाण्यावरून.

८ नोव्हेंबर

संरक्षणमंत्री पायउतार झाले. शाळेत पेढे वाटले, लढाई जिंकल्यासारखे. अमेरिकेची विमानं कलकत्त्याला हत्यारं घेऊन उतरतायत. कालपर्यंत आपण कुणाच्याच बाजूचे नव्हतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलींना हेच शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. आज एका मुलीने विचारलं, बाई, आता आपण कुणाच्या बाजूचे? सांगितलं, उद्या सांगते.

खेळाच्या मैदानात खंदक खणतायत. मुलींना त्यात उड्या मारायला मजा वाटते.

तम्माचं कार्ड. तारीख १७ ऑक्टोबरची, म्हणजे हल्ल्याआधीची. "मजेत आहे. टोपी मिळाली नाही." एवढंच.

दवाखान्यात आठवडाभर कुणी आलं नाही. डॉक्टर रोज सकाळी पांढरा कोट चढवून बसतात. आज आईला बोलावून साचा घेतला. 

२० नोव्हेंबर, मंगळवार

कालचं आज लिहिते. 

सेला गेलं, बोमडिला गेलं. आता मधे काही नाही, थेट आसामचं सपाट रान. रेडिओवर पंतप्रधान बोलले. एवढा थकलेला आवाज कधी ऐकला नव्हता. आसामबद्दल असे बोलले, जणू ते गेलंच. आई भिंतीला टेकून ऐकत होती. इंग्रजी तिला कळत नाही. म्हणाली, हा माणूस रडतोय का गं?

त्यानंतर थोड्याच वेळात रस्त्यावर गलका. पंचवीस-तीस जण असतील, काही ओळखीचे. दवाखान्याची काच फुटली. मी मागून धावत गेले. लिली जमिनीवर बसलेली, कपाळातून रक्त. डॉक्टर तिच्यापुढे आडवे उभे होते, हातात काही नव्हतं. मी दाराशी पोचले आणि माझ्याने पुढे पाऊल टाकवेना. बाहेर माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील होते. त्यांच्या हातात अर्धी वीट होती.

आई कधी आली ते कळलंच नाही. तिने पेशंटचा बाक ओढून उंबऱ्यात आडवा लावला आणि त्यावर बसली. पदर खांद्यावर घट्ट घेतला. तोंडात दात नाहीत, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते, पण कन्नडात म्हणाली, "माझा मुलगा तिकडे आहे. तुमच्यातल्या कुणाचा आहे?"

 ती बसूनच राहिली. मागचे लोक आधी पांगले, मग पुढचे. रामय्या अण्णा त्यांच्या ओट्यावर उभे होते. ते खालीही उतरले नाहीत आणि घरातही गेले नाहीत.

लिलीच्या कपाळाला टाके डॉक्टरांनीच घातले. 

आई आज दिवसभर झोपून आहे. अंगात कणकण.

२२ नोव्हें.

चिन्यांनी स्वतःच लढाई थांबवली. मागे जातो म्हणतात. का, कुणाला कळत नाही. स्टाफरूममध्ये ना टाळ्या, ना पेढे. हरल्यावर माणूस रडतो तरी. हे कुणीतरी मारता मारता हात आवरून घरी जावं तसं झालंय. परत येणार नाहीत कशावरून?

तम्माचं काहीच नाही.

१ डिसेंबर, शनिवार

तार आली. मी शाळेत होते. आईने सही करून घेतली आणि न उघडता देवापुढे ठेवली.

लेफ्टनंट बळवंत राव बेपत्ता. अठरा नोव्हेंबरपासून.

आईने विचारलं, बेपत्ता म्हणजे काय. म्हटलं, कुठे आहे ते त्यांना माहीत नाही. ती म्हणाली, ते मलाही माहीत नाही, मग तार कशाला पाठवली. नंतर स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसली. मी गेले तर म्हणाली, दिवा लाव, खडे दिसत नाहीत. दुपारचे तीन वाजले होते.

चान डॉक्टर आणि लिली आले. बसले. 

५ डिसें.

लष्कराच्या कचेरीत जाऊन आले. तिथला मेजर वयाने तम्माएवढाच. म्हणाला, बरेच जण भूतानकडून चालत परत येतायत, काही कैद झालेत. धीर धरा. बाहेर व्हरांड्यात माझ्यासारख्या सात-आठ बायका बसलेल्या. एक कूर्गची, एक तमिळ, कडेवर मूल.  प्रत्येकीला वाटत होतं, बातमी एकच आहे आणि दुसरीला मिळाली तर आपल्याला उरणार नाही. निदान मला तसं वाटलं.

९ डिसेंबर

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, पेकिंगहून संध्याकाळी रेडिओवर कैद्यांची नावं वाचतात म्हणे. त्यांच्या दिरांनी ऐकलंय. "माझं नाव घेऊ नका."

संध्याकाळी लावून पाहिलं. खरखर, शिट्ट्या, मधेच एक बाई चिनी बोलते, मग इंग्रजी, तेही बुडतं. पुन्हा चिनी. नावं चिनीतच वाचत असतील तर?

पुढे डॉक्टरांकडे गेले. दारातच विचारलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "टीचर, ती पेकिंगची भाषा. माझ्या घरात ती कधी कुणी बोललं नाही. मला तुमच्याइतकीच कळते." मग हलकेच म्हणाले, लिलीला कळते. ती कलकत्त्याला चिनी शाळेत शिकली. पण ती येणार नाही. तुमच्या घरी बसून तिने पेकिंग ऐकलं आणि कुणी पाहिलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.

 पुन्हा विचारणार नाही असं सांगून परत आले. लिली मागे उभी होती, कपाळावर पट्टी.

११ डिसें., मंगळवार

लिली आली. मागच्या दाराने, डोक्यावर माझ्यासारखा पदर घेऊन. म्हणाली, डॉक्टरांना माहीत आहे, रागावलेत, पण अडवलं नाही. रेडिओला कान लावून बसली. आई दाराशी जपमाळ घेऊन. अर्ध्या तासाने लिली म्हणाली, पिकाबद्दल बोलतायत. गहू किती झाला. मग गाणं.

तिचा भाऊ शिलाँगला चामड्याच्या बुटांचं दुकान चालवतो. गेल्या महिन्यात त्याला बायकोमुलांसह आगगाडीने राजस्थानात एका छावणीत नेलं. हे तिने आज सांगितलं. मी दर दोन दिवसांनी हिच्यासाठी भाजी आणत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

१७ डिसेंबर

आज इंग्रजीत नावं वाचली. खरंच वाचली. हुद्दा, नाव, मग पुढचं. लिली आणि मी डोक्याला डोकं लावून. मधे आवाज विरायचा. एकदा "राव" ऐकू आलं. मला लेफ्टनंट ऐकू आलं, तिला नाही. पहिलं नाव दोघींनाही नाही.

मी आईला सांगणार नव्हते. पण ती दारातच होती. म्हणाली, राव म्हणाले ना? मी म्हटलं, आई, राव शेकडो आहेत. ती म्हणाली, असू देत.

रात्री पोटभर जेवली. तारेनंतर पहिल्यांदा.

तिचा तो आनंद बघून मला भीती वाटते.

२२ डिसें.

रामय्या अण्णा रस्त्यात भेटले. आईची चौकशी केली. तम्माबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. मग म्हणाले, "संध्याकाळी तुमच्याकडे रेडिओ फार बारीक चालतो म्हणतात, टीचरम्मा."

म्हटलं, आईला मोठा आवाज सोसत नाही. बरं म्हणाले. छत्री टेकत गेले.

कोण म्हणतात, ते विचारायला हवं होतं.

लिलीला निरोप दिला, आता येऊ नको. ती सरी म्हणाली. दार लावून घेतलं. त्या दोघांच्या बोलण्याचा आवाज भिंतीतून येत होता, बंगालीत. भांडताना ती बंगालीत भांडतात.

१ जानेवारी १९६३

कोलंबोला सहा देशांची बैठक झाली, त्यांचे प्रस्ताव घेऊन कुणी पेकिंगला, कुणी दिल्लीला. पेपरात रोज रकानेच्या रकाने. रेषा कुठे असावी, कोण किती मैल मागे. सगळं वाचते. माणसांबद्दल एखादी ओळ असेल म्हणून शेवटपर्यंत वाचते.

मी एकटीच रेडिओ ऐकते. नावं परत लागली नाहीत.

८ जाने., मंगळवार

कवळी बसली. दोनदा घासून नीट केली. आईचा चेहरा एकदम भरला, मला अप्पांच्या वेळची आई दिसली. आरशात बघून म्हणाली, चानप्पा, मी तर दुसऱ्याच कुणाची आई दिसते. डॉक्टर खूप दिवसांनी हसले. म्हणाले, आठ दिवस टोचेल, सवय होईल, मग मला दाखवा.

लिलीने चहा केला. कपाळावरचा व्रण आता फक्त उजेडात दिसतो. घरी येताना आई वाटेत उगाचच दोघी शेजारणींशी बोलली, शब्द नीट उमटतात का बघायला.

९ जाने.

सकाळी जीप आली. तोच इन्स्पेक्टर, आज एकदाही सॉरी म्हणाला नाही. एकेक पेटी घ्या, चौकशीसाठी जायचंय. कुठे? उत्तरेकडे. किती दिवस? ते वरचे ठरवतील. लिली पेटी भरत होती. मी तिला माझी शाल दिली, तम्मासाठी पुन्हा विणलेले मोजेही दिले. दोघांचे पाय मोठे नाहीत, होतील.

डॉक्टरांनी पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला. किल्ली माझ्या हातात दिली.  आईच्या पाया पडले.

आई इन्स्पेक्टरला म्हणाली, यांनी काय केलं ते मला सांगून न्या. तो म्हणाला, अम्मा, मला ऑर्डर आहे.

मग त्याने मला विचारलं, "संध्याकाळचा रेडिओ कुणाच्या घरी चालायचा?"

"माझ्या. माझ्या भावासाठी मी ऐकत होते."

"तुमच्याबरोबर कोण असायचं?"

"माझी आई."

 त्याने एका शिपायाला आत पाठवून आमचा रेडिओ उचलून नेला. जीप यशवंतपूर रेल्वे स्टेशनच्या दिशेने गेली.

रस्त्यावर सगळ्या घरांची दारं उघडी होती. बाहेर कुणी नव्हतं.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ केला नाही. आईने मात्र समोरच्या दारापुढे रांगोळी घातली, बंद दारापुढे. हिरडी एका जागी टोचतेय म्हणते. दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं. नको म्हणाली.

लिली आपल्यामुळे गेली का? का ती गेलीच असती, तिचा भाऊ गेला तशी? दोन्ही विचार आलटून पालटून येतात. एकाने झोप येत नाही, दुसऱ्याने येते, म्हणून दुसऱ्यावर माझा विश्वास नाही.

२० जानेवारी, रविवार

काल लष्कराकडून पत्र आलं. काही कैद्यांची नावं मिळाली आहेत, यादी पुरी नाही, बळवंत रावांचं नाव अद्याप त्यात नाही. "अद्याप" हा शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवला.

अण्णांनी समोरच्या खोल्यांसाठी माणूस आणला. शिंपी आहे, लष्कराचे गणवेश शिवायचं काम मिळालंय, भाडं चांगलं देईल. मी म्हटलं, खोल्या रिकाम्या नाहीत. अण्णा म्हणाले, आत कोण राहतं? म्हटलं, भाडेकरू आहेत, बाहेरगावी गेलेत. यावेळी आवाज चढला असावा. शिंपी माझ्याकडे बघायला लागला.

२७ जाने.

काल पो. स्टेशनात गेले. चान नवराबायकोंना कुठे ठेवलंय, पत्र कुठे पाठवायचं, एवढंच विचारायला. इन्स्पेक्टर नव्हता. एका नव्या हवालदाराने बसवून ठेवलं. मग माझंच नाव विचारलं. वडिलांचं नाव. शाळा कुठली. घर स्वतःचं का. भाऊ लष्करात? कुठे आहे? म्हटलं, बेपत्ता. त्याने हात थांबवून वर पाहिलं. "बेपत्ता म्हणजे त्यांच्याकडे?"

म्हटलं, मला माहीत नाही.

"आणि घरात चिनी भाडेकरू."

हे विचारलं नाही, नुसतं म्हणाला, आणि सगळं लिहून घेतलं. इंग्रजीत, सावकाश, अक्षर अन् अक्षर. सोमवारी साहेब भेटतील, या म्हणाला. यायलाच हवं का, विचारलं. म्हणाला, या.

आज मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, उद्या शाळेत येण्याआधी मला घरी भेटून जा. कशाला, ते सांगितलं नाही.

आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती उद्या माझ्याबरोबर स्टेशनात येणार म्हणते. नको म्हटलं, तर तिने नऊवारी काढून उशाशी ठेवलीय. दवाखान्याची किल्ली कुठे ठेवलीस, विचारते. माझ्या कनवटीला आहे म्हटलं. तिथेच ठेव म्हणाली.